सही तुमची आहे

"भंगाराचा धंदा म्हणजे आपल्या लोकांचा अहिंसक धंदा." हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की आता ते पाठ झाले आहे. दशलक्षण पर्वात, त्यातही उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, कुणीतरी उद्योगपती उभे राहतात आणि सांगतात: आपण जमीन खणत नाही, सुरुंग लावत नाही, डोंगर फोडत नाही. श्रावकाला स्फोटकर्म वर्ज्य आहे. जगाने टाकून दिलेले आपण गोळा करतो, त्यातून प्लॅटिनम, पॅलेडियम, टंगस्टन, कोबाल्ट असे दुर्मीळ धातू काढतो आणि देशाला परत देतो. यापेक्षा पुण्याचा धंदा कोणता? टाळ्या पडतात. पुढच्या दोन ओळींतल्या आपल्या बायका माना डोलावतात.

मला या वाक्याशी भांडायचे आहे. ते साफ खोटे असते तर भांडायची गरजच नव्हती, आपोआप गळून पडले असते. ते अर्धे खरे आहे. म्हणूनच ते टिकून आहे, आणि म्हणूनच त्याच्या आड बरेच काही झाकले जाते.

आधी खरा अर्धा भाग मान्य करू या.

आपल्या दारातल्या गाडीखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये, एक पत्र्याचा डबा असतो. गॅरेजवाले त्याला 'कॅट' म्हणतात, रस्त्यावरच्या भाषेत सगळाच 'सायलेन्सर'. तो कापला की आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट दिसते. मध आपण खात नाही, पण पोळे सगळ्यांनी पाहिलेले असते. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. इंजिनातून निघणारा विषारी वायू त्यावरून जाताना पुष्कळसा निरुपद्रवी होतो, आणि धातू मात्र जिथल्या तिथे राहतो. तो स्वतः जळत नाही, खर्ची पडत नाही. चारचाकीच्या एका डब्यात तीन धातू मिळून दोन-चार ग्रॅम, दुचाकीच्या डब्यात ग्रॅमच्याही आत. ऐकायला किरकोळ वाटते ना? पण २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियमचा भाव एका औंसाला म्हणजे एकतीस ग्रॅमला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. त्या वेळच्या सोन्याच्या पंधरापटीहून जास्त! नंतर तो कोसळला, पाच हजारांच्या खालीही आला. पण त्या काळात ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या गुजरातेतून आणि महाराष्ट्रातून का येत होत्या, ते आता कळेल. चोराला जे ठाऊक होते ते गाडीच्या मालकिणीला ठाऊक नव्हते.

हे धातू खाणीतून काढायचे तर काय किंमत पडते? जगात खणल्या जाणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. तिथल्या एक टन दगडात हे धातू सगळे मिळून तीन ते सहा ग्रॅम. बाकी सगळा दगड फोडायचा, दळायचा आणि टाकायचा. १६ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या मारिकाना गावाजवळच्या प्लॅटिनमच्या खाणीतले कामगार पगारवाढीसाठी संपावर होते. महिना साडेबारा हजार रँड एवढीच त्यांची मागणी. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एका दिवसात ३४ माणसे मेली. पॅलेडियमचे मोठे ठिकाण म्हणजे रशियातले नोरिल्स्क. तिथल्या भट्ट्यांच्या गंधकाच्या धुराने आसपासची जंगले मेली आहेत. २०२० च्या मे महिन्यात तिथेच साठवणीची टाकी फुटून वीस हजार टनांहून जास्त डिझेल नदीनाल्यांत आणि जमिनीत गेले.

आता हिशेब करा. खाणीच्या दगडात टनामागे तीन-सहा ग्रॅम, आणि गाड्यांच्या डब्यांतल्या विटा कुटून केलेल्या पुडीत टनामागे किलो, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे शेकडो पटींनी श्रीमंत खाण आपल्या शहरांच्या रस्त्यांवर फिरते आहे. आपला देश या धातूंसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले. त्या गाड्या अजून भंगारात यायच्या आहेत. तेव्हा जुन्यातून धातू काढणे हे शहाणपणाचे, गरजेचे आणि खाणीच्या तुलनेत कितीतरी कमी हिंसेचे काम आहे, यात मला शंका नाही.

हे काही परदेशातून आलेले ज्ञानही नव्हे. सराफकट्ट्यावर झारेकरी होतेच की. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून, गटारातला गाळ उपसून, धुऊन, त्यातून कणभर सोने काढणारी माणसे. आणि मोड घेऊन सोनाराकडे जाणाऱ्या आपण बायका? बांगडीत घट किती धरली, डाग किती निघाला, यावर अर्धा तास हुज्जत घालणार. मिलिग्रॅमचा हिशेब आपल्याला येत नाही असे कुणी म्हणू नये. मग जुनी गाडी भंगारात देताना तो हिशेब कुठे जातो? "एवढ्याला घेतो म्हणतोय, देऊन टाक!" एवढ्यावर विषय संपतो.

इथवर उद्योगपतींचे आणि माझे एकमत. आता दुसरा अर्धा भाग.

श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी काढून बघा. त्यात स्फोटकर्म आहे हे खरे. पण त्याच यादीत अंगारकर्म आहे, म्हणजे भट्ट्या पेटवून चालवायचे धंदे. विषवाणिज्य आहे. पाण्याची तळी कोरडी पाडण्याचेही नाव आहे. पंधरांतला एकच शब्द उचलायचा, तो व्यासपीठावर मिरवायचा आणि बाकीचे चौदा गुंडाळून ठेवायचे, हा कुठला स्वाध्याय? कारण उरलेल्या यादीतच नेमका आपला धंदा सापडतो.

बेळगाव सोडून जरा पुढे गेले की रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेड लागतात. अशाच एका शेडमध्ये मी गेले होते. चार बायका जमिनीवर बसून डब्यांतून काढलेल्या विटा हातोडीने कुटत होत्या. तोंडाला पदर, हातात काही नाही. केसांवर, पापण्यांवर राखाडी धूळ. एकीला मी विचारले, हे कशाचे आहे माहीत आहे का? म्हणाली, "सायलेन्सरातली माती हाय न्हवं अक्का, ती कुटतोय. मालक न्हेतोय. रातच्याला खोकला काय थांबत न्हाई बघा." मागच्या बाजूला प्लॅस्टिकचे निळे पिंप होते. त्यातून तांबूस पिवळा धूर येत होता आणि घशाला झोंबत होता. पिंपांच्या पलीकडे उतार, उताराखाली ओढा, ओढ्याच्या काठाला उसाचा मळा.

पिंपात काय असते? सोनाराकडचे तेजाब आपल्याला माहीत आहे. त्या नायट्रिक आम्लात तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले की होते आम्लराज. सोने आणि प्लॅटिनम विरघळवणारे पाणी. पुडी त्यात भिजत घालायची, मग दुसरी रसायने टाकून धातू खाली बसवायचा, आणि उरलेले पाणी? ते कुणी विचारत नाही. पाणी गाळून प्यायला शिकलेली माणसे आपण. गाळणीत राहिलेले जीव मरू नयेत म्हणून ते परत त्याच विहिरीत अलगद सोडायला आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवले. आणि आपल्याच माणसांच्या पिंपांतले आम्ल कुणाच्या तरी विहिरीत झिरपते आहे. त्या विहिरीतले जीव मोजायला मात्र कुणी व्यासपीठावर उभे राहत नाही.

आम्लाच्या वाफेचे राहू द्या, प्लॅटिनमचे काही क्षारसुद्धा श्वासातून गेले तर माणसाला दमा लावतात. धातुशुद्धीच्या कारखान्यांतल्या कामगारांवरून डॉक्टरांना हे कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. म्हणून चांगल्या कारखान्यात हे काम बंद यंत्रांत चालते, हवा ओढून धुतली जाते, कामगारांची वेळोवेळी तपासणी होते. शेडमधल्या बाईची तपासणी कोण करणार? तिला खोकला येतो म्हणून दुसऱ्या आठवड्यात दुसरी बाई येते, बस्स.

यातला सगळ्यात कडू विनोद तर पुढेच आहे. सगळ्यात महाग धातू, ऱ्होडियम, आम्लराजातही सहजी विरघळत नाही. पिंपातल्या या उद्योगात तो बऱ्याच अंशी मातीतच राहतो आणि ती माती टाकून दिली जाते. म्हणजे बाईचे फुप्फुस गेले, ओढा गेला, आणि धातूही गेला! योग्य रीत वेगळी आहे. पुडीचा नीट नमुना घेऊन आधी तपासायची, मग विजेच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या वर लोखंडाबरोबर किंवा तांब्याबरोबर वितळवायची. वितळलेले लोखंड किंवा तांबे हे तिन्ही धातू आपल्या पोटात ओढून घेते, माती मळी होऊन वर तरंगते. मग तो गोळा बंद भांड्यांत विरघळवून एकेक धातू वेगळा करतात. अशा रीतीने शंभरातले पंच्याण्णव भाग आणि वर परत मिळतात. म्हणजे पिंपांच्या बाजूने 'काय करणार, धंद्याचे गणित आहे' असेही म्हणता येत नाही. गणितही चुकलेलेच आहे.

डब्यांचे जे, तेच कार्बाइडचे. उद्यमबागेत किंवा मच्छेला ज्यांच्या घरचे वर्कशॉप आहे त्यांना 'टिप' आणि 'इन्सर्ट' हे शब्द नवे नाहीत. पोलाद कापणारे ते नखाएवढे तुकडे टंगस्टन कार्बाइडचे असतात, कोबाल्टने सांधलेले. जगातले सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमधून येते आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने त्याच्या निर्यातीवर बंधने घातली. कोबाल्ट बहुतेक काँगोतून येतो. तिथल्या हाताने खणायच्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे आता जगजाहीर आहे. झिजलेल्या टिपा वितळलेल्या जस्तात घालून, मग जस्त वाफेने काढून घेऊन पुन्हा पूड करता येते. ती पूड परत टिप करायला चालते. उत्तम पद्धत आहे. पण तीच पूड उघड्यावर चाळली, दळली, तर कोबाल्ट-टंगस्टनच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात. तेव्हा धंदा पुण्याचा की पापाचा हे धातूवरून ठरत नाही. तो कसा केला यावरून ठरते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते. "ताई, तुम्ही म्हणता ते मोठ्या कंपन्यांना परवडतं. सगळं त्यांना देऊन टाकायचं तर आमच्यासारख्या छोट्या माणसाने खायचं काय?" प्रश्न खरा आहे आणि तो उडवून लावणे मला पटत नाही. पण नीट बघा. जुनी गाडी शोधणे, डबा कापणे, जातवार लावणे, वजन करणे, टिपा गोळा करून निवडणे ही कामे छोट्या माणसाचीच आहेत आणि ती त्याच्याकडेच राहावीत. मोठी कंपनी गल्लोगल्ली फिरणार नाही. छोट्या माणसाने सोडायची आहे ती फक्त आम्लाची पिंपे. आणि त्याचे खरे भांडण कुठे असायला हवे? नमुन्यात! कारण नमुना ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. पुडीत किती ग्रॅम आहे हे दुसऱ्याने सांगायचे आणि आपण मान डोलवायची, ही पिळवणूक आहे. चार-पाच गावांच्या छोट्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची तपासणी करून घेतली, माल एकत्र करून परवाना असलेल्या कारखान्याला दिला, तर पिंपापेक्षा जास्त पैसा हाती येईल. पण एकत्र यायचे म्हणजे पक्के बिल आले, वही आली. खरी अडचण तिथे आहे, आणि ती गरिबीची अडचण नव्हे.

सरकारचेही ऐकू या. निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम असलेले वापरलेले उत्प्रेरक हा घातक कचरा आहे, आणि त्यातून धातू काढायला राज्याच्या प्रदूषण मंडळाची परवानगी लागते, हे २०१६ च्या नियमांत लिहिलेले आहे. २०२३ मध्ये केंद्राने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली; त्यात टंगस्टन, कोबाल्ट आणि प्लॅटिनमचा गट आहे. २०२५ च्या सप्टेंबरात अशा खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १५०० कोटींची योजना मंजूर झाली. गाड्यांचे हे डबे तिच्यात नावानिशी आले आहेत आणि एक तृतीयांश रक्कम छोट्या व नव्या उद्योगांसाठी राखली आहे. इथवर ठीक. पण १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या जुन्या गाड्यांच्या नियमांत उत्पादकांवर जे उद्दिष्ट ठेवले आहे ते पोलादाच्या वजनात. पोलाद टनात मोजा, आणि दोन-चार ग्रॅम ऱ्होडियम-प्लॅटिनम? ते वाऱ्यावर. जे मोजले जात नाही ते शेडमध्ये जाते. कायदा करणाऱ्यांनी एकदा सराफकट्ट्यावर बसून मोड कशी घेतात ते पाहायला हवे होते.

आणि आता तुमच्याशी बोलते, कारण हा लेख मी मुळात तुमच्यासाठीच लिहिला आहे.

आपल्याकडे किती धंदे बायकोच्या, सुनेच्या, आईच्या नावावर आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. कर वाचतो म्हणून, कर्ज मिळते म्हणून, 'महिला उद्योजक' म्हणून सवलत असते म्हणून. नोंदणीवर तुम्ही मालक, चेकवर तुमची सही, प्रदूषण मंडळाच्या अर्जावरही तुमचीच सही. कागद पुढे येतो, "इथे कर गं" म्हणतात, आपण चहाचा कप बाजूला ठेवून करतो. उद्या ओढ्याच्या पाण्याचा नमुना तपासला गेला तर नोटीस कुणाच्या नावाने येईल? त्या कुटणाऱ्या बाईच्या कागदोपत्री मालकीण कोण? तुम्हीच. "आम्हाला यातलं काही कळत नाही" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या घरातल्या शिकवणीपुढेही चालत नाही. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा दोष लागतो, हे आपल्याला पाठशाळेतच सांगितलेले आहे. सही म्हणजे अनुमोदन नाही तर काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. वापरलेल्या आम्लाचे पाणी कुठे जाते? परवानगीचा कागद कुठे आहे, आणि तो नेमका कोणत्या कामाचा आहे? कुटायला बसणाऱ्या बायकांना बंद यंत्र, नाकाला चांगला मास्क आणि दवाखान्याची तपासणी आहे का? माल कुणाला जातो आणि त्याचे बिल आहे का? उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा. घरात कुरकुर होईल, आवाज चढतील. होऊ देत. घटीवरून सोनाराशी भांडणाऱ्या बायका आपण, आपल्या नावाच्या कागदावरून घरात भांडायला काय हरकत आहे?

ज्यांच्या घरात हा धंदा नाही त्यांनाही काम आहे. जुनी गाडी रस्त्यावरच्या पहिल्या माणसाला देऊ नका. नोंदणीकृत भंगार केंद्रावर द्या, तिथले सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या, आणि सायलेन्सरच्या डब्याचे वेगळे काय देता ते तोंडाने विचारा. गॅरेजमध्ये डबा बदलला तर जुना कुठे गेला ते विचारा. शंभर बायकांनी विचारले की गॅरेजवाला एक वही ठेवायला लागेल.

आणि समाजाच्या मंडळांना एवढेच सांगणे: देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरण्याआधी त्याच्या शेडमागचा ओढा एकदा बघून या. शिखराला सोन्याचा मुलामा चढवायला आपण वर्गणी काढतो. त्याच वर्गणीतून एक तपासणीची प्रयोगशाळा आणि छोट्या व्यापाऱ्यांचे एक गोळा-केंद्र उभे राहू शकते. मग खुशाल व्यासपीठावरून सांगा की हा आपला अहिंसक धंदा आहे. तेव्हा पहिल्या ओळीत बसून मीही टाळ्या वाजवीन. तोवर मात्र नाही.